तणमोराच्या रकान्यातलं शून्य

प्रिय घारे,

तुझं पत्र आणि माळाच्या अहवालाचा मसुदा, दोन्ही पोचलं. मसुदा एकदा वाचला, पत्र चारदा. पत्रात दंतवैद्यांचा उल्लेख अकरा वेळा आहे. मी मुद्दाम मोजला नाही, पण अठरा वर्षं तुझ्यामागून आकडे टिपत फिरल्यावर बोटं आपली आपणच मोजतात. बरे आहेत ना ते? जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून पाहिलेला माणूस पन्नाशीनंतर तुझ्यासोबत मान वर करून आकाश पाहू लागला, ही प्रगतीच म्हणायची.

आपला नियम तूच घातला होतास. बघणारीने लिहायचं नाही, लिहिणारीने बघायचं नाही. लिहायला मान खाली घातली की पक्षी निसटतो आणि स्वतःच्या हातात पेन असलं की माणूस हवं ते लिहितो, असं तुझं म्हणणं. म्हणून शाळेतली जीवशास्त्राची बाई दुर्बीण घेऊन पुढे आणि संस्कृतची बाई पॅड घेऊन एक पाऊल मागे. "चंडोल दोन, उजवीकडे, गाताहेत. लिहिलंस का गं, की उभ्या उभ्या झोपलीस?" स्टाफरूममध्ये आपली घार आणि बोरू झाली ती त्यामुळे. न्यायशास्त्रातली प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन प्रमाणं आपण वाटून घेतली होती. प्रत्यक्ष तुझ्या वाट्याला, शब्द माझ्या. गवतावर घिरट्या घालणाऱ्या भोवत्याचा रंग मला कधी दिसला नाही, पण नर असला की तुझा आवाज खाली यायचा, त्यावरून मी तू सांगायच्या आधीच 'नर' लिहून मोकळी.

वर्षही मला खालूनच कळायचं. पावसाळ्यात मोजे ओले, कुसळं कमरेपर्यंत आणि कागद गच्च: चंडोल, लावे, तिरचिमण्या. दुर्मिळ तणमोराचा नर त्याच दोन-तीन महिन्यांत काळा पोशाख घालून मादीसाठी गवतावर उड्या मारायचा. तो दिसला की तू बोलायचीसच नाहीस, हात मागे करून माझं कोपर घट्ट धरायचीस. त्या बोटांच्या दाबावरून मी 'तणमोर, एक' लिहायचे. थंडीत तेच गवत पिवळं पडायचं, तणमोर गेलेला असायचा आणि दूरदेशीचे भोवते संध्याकाळी त्याच गवतात जमिनीवर झोपायला उतरायचे. इतके, की तुझे आकडे माझ्या पेनाला आवरत नसत. उन्हाळ्यात गवत सरलं की उघड्या मातीवर धाविक आणि टिटव्या, कागद अर्धा कोरा आणि तुझा पारा चढलेला. वर्ग तोच, विद्यार्थी तेवढे दर चार महिन्यांनी नवे. दोन वर्षांपूर्वी तू शाळा सोडून त्या पक्षी-अभ्यासाच्या संस्थेत गेलीस, ते मात्र मला अजून कुठल्याच ऋतूत बसवता आलेलं नाही.

इथे सगळं ठीक. बघायला आता प्रयोगशाळेतल्या मावशी येतात. नजर तीक्ष्ण आहे, पण त्या प्रत्येक पक्ष्याला 'ते बघा, आलं बाळ' म्हणतात आणि बाळाची जात मला विचारून घ्यावी लागते. तरी दर महिन्याचा कागद तुला वेळेवर पाठवते. तुझ्या मसुद्याचा आधार ते कागदच आहेत, हे वाचून आधी बरं वाटलं. मग पुढचं वाचलं. माळ नांगरून झाडं लावायची, असं वनखात्याच्या कार्यालयाने ठरवलंय, तुमच्या संस्थेने हरकत घेतली तरच थांबतील. आणि तू लिहिलंयस की तणमोराची नोंद सलग तीन पावसाळे नाही, तेव्हा हरकतीला आधार उरत नाही. वीस तारखेला अहवाल जाणार.

आता मागच्या महिन्यातल्या पत्राकडे येते. त्यात तू लिहिलं होतंस, "डॉक्टर बघतातही आणि फोनवर लिहितातही. दोन माणसं लागतच नाहीत गं! आपण उगाच जोडीने फिरलो." ते पत्र मला मोजणीच्याच दिवशी सकाळी मिळालं, फाटकात उभी राहून वाचलं. मावशींचा गुडघा धरला होता, त्या आल्या नाहीत. नियमाने मोजणी पुढे ढकलायची. मी पॅड काखेत मारलं आणि दंतवैद्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून माळावर चालले. ओढ्याच्या वळणाशी गवतातून काहीतरी काळं उसळलं आणि खाली गेलं. मग पुन्हा. सात उड्या, घारे. माझा हात आपोआप मागे गेला, कोपर धरायला. मागे कोणी नव्हतं. घरी येऊन मी तणमोराच्या रकान्यात शून्य लिहिलं, बघणारीच्या जागी मावशींचं नाव घातलं, तेही खोटं. मनाला सांगितलं, बघणारीने लिहायचं नसतं. खरं एवढंच की जो पक्षी तुम्हा दोघांकडे नाही, असा एक मला हवा होता. सहा रिपूंची यादी मुलांकडून घोकून घेताना मत्सर नेहमी शेवटी येतो, म्हणून तो किरकोळ असेल अशी माझी समजूत होती. परवा मसुद्यात त्या ओळीशेजारी तुझ्या पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'बोरूने शून्य लिहिलंय म्हणजे शून्यच.' तेव्हापासून मला जेवण जात नाही. फोनवर तू हसवलं असतंस आणि मी टाळलं असतं, म्हणून हे पत्र. दुरुस्त कागद सोबत आहे. बघणारी म्हणून माझं नाव आहे, लिहिणारीची जागा कोरी सोडली आहे. अहवाल थांबव आणि वीसच्या आत ये, तो अजून ओढ्याशीच आहे. दंतवैद्यांनाही आण, फोनसकट. या वेळी मी पुढे चालेन. तू मागून ये, मान खाली घालून, आणि मी कोपर धरलं की लिही.

तुझीच, शून्य खोडलेली,
बोरू