बहात्तरच्या तळ्यातली साक्षी

३० एप्रिल २०२५

प्रिय शिवकन्या,

दोन वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही. आधी तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, मग राहिलंय याचीच लाज वाटून आणखी राहिलं. शाळा, बाबांचं आजारपण ही कारणं खरी आहेत. पण डायरी मी रोज लिहीत होते, तेव्हा वेळ नव्हता असं म्हणवत नाही. माफ कर.

पेपर तपासून संपले. मान अवघडली आहे आणि ऊन असं आहे की खिडकीचा गज हाताला चटका देतो. आपलं बहात्तरचं तळं आता तुला ओळखू येणार नाही. नांदूरघाटाकडून वर चढताना वळणावरच कमान लागते, 'राणी तलाव हिल रिसॉर्ट'. आपण शेळ्या घेऊन बसायचो त्या माळावर तंबू आहेत. शनिवारी बीड-लातूरच्या गाड्या येतात, कधी पुण्याच्याही. बाया चुलीवर पिठलं-भाकरी करतात आणि पाहुणे जेवायच्या आधी चुलीचे फोटो काढतात. बिभीषण होडी चालवतो. यंदा तो ऊसतोडीला गेलाच नाही. त्याच्यासारखी सहा घरं दिवाळीनंतरही गावात राहिली. सहा उघडी दारं बघून मला किती बरं वाटलं, हे आधीच सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरून चालणार नाही.

सगळे पाहुणे होडीतून एकच गोष्ट बघायला जातात, पाण्यातला खांब. तुला आठवतं, नववीत असताना तुझ्या आजीने बांधावर बसून आपल्याला त्याची हकीकत सांगितली होती? बहात्तरच्या दुष्काळी कामावर किती खोल खोदलं ते मोजता यावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मुरमाचा एक खांब मूळ जमिनीच्या उंचीइतका तसाच सोडायचे. त्याला साक्षी म्हणायचे. मोजणी झाली की ती पाडायची. ही एक पाडली गेली नाही, कारण तिच्याच शेजारी कड ढासळली आणि तुझे आजोबा खाली सापडून गेले. दुसऱ्या दिवशी साक्षीला कुदळ लावायला एकही माणूस तयार होईना. उलट डोक्यावरच्या पाट्यांतले दगड बायांनी तिच्याभोवती रचले. मग पाणी आलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर येते. एवढाच त्या खांबाचा इतिहास.

दोन वर्षांपूर्वी अर्जुनरावांचा अमरसिंह शाळेत आला. रिसॉर्ट त्याचंच. म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतिहासवाल्या. बोर्डासाठी चार ओळी द्या." मी दिल्या, खऱ्या. त्याने वाचल्या आणि हसला. "मुरमाचा ढिगारा बघायला पेट्रोल जाळून कोण येईल? एखादी राणीबिणी टाका ना." मी त्याच्यावर रागावले नाही. तुला खोटं कशाला सांगू, मला मजाच वाटली. बसल्या बसल्या मी एक राणी रचली. ती तळ्यात दिवे सोडायची आणि हा तिच्या महालाचा उरलेला खांब. मात्र सुरुवातीला 'असे म्हणतात की' हे शब्द घातले आणि स्वतःला समजावलं की आता हे खोटं नाही, ही दंतकथा आहे. रंगवताना बंकट पेंटरला जागा पुरली नाही. त्याने नेमके तेच तीन शब्द गाळले. बोर्ड पाहिला तेव्हा मला ते कळलं, आणि मी काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात तुझी आजी काठी टेकत तिथवर आली. नव्वदीला टेकलीय, पण चढ एकटीने चढली. मी योगायोगाने तिथे होते. मला म्हणाली, "वनमाले, तुझ्याच हातचं हाय म्हनं. काय लिवलंय गं? वाच की." मी 'प्राचीन काळी' एवढं वाचलं. तिने मधेच विचारलं, "त्येंचं नाव हाय का त्यात?" तुला माहीत आहे, आजोबांचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नाही. मी बोर्डाकडे बघत वाचत राहिले, न अडखळता: हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात गावच्या माणसांनी खोदला, या साक्षीजवळ धर्मराज यांनी प्राण सोडला. आजीने डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ती नावापाशी नुसते ओठ हलवत होती. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकल्याचं सोनं केलंस बग."

दुसऱ्याच दिवशी मी अमरसिंहाकडे गेले. तो नीट बोलला. "एक नाव टाकलं की लोक विचारणार, कसा मेला. मग होडीत बसतील का?" बिभीषण बाहेरपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, तुमी म्हंता ते खरं हाय. पर एवढा उन्हाळा जाऊ द्या की." त्याच्या घराचं दार आठवून मी परत आले. हा शहाणपणा होता की भित्रेपणा, ते डायरीत चार वेळा लिहूनही ठरलं नाही.

आणि आता तुझं पत्र आलं. बोर्डावर आजोबांचं नाव आहे असं आजीने तुला फोनवर सांगितलं, म्हणून दहा तारखेला तू वैष्णवीला घेऊन येणार, पणजोबांच्या नावाखाली उभं करून तिचा फोटो काढणार. शिवकन्या, ते नाव बोर्डावर नाही. कधीच नव्हतं. फोन तीनदा हातात घेतला, पण तुझा आनंदाचा आवाज ऐकून मी पुन्हा काहीतरी गोड बोलून मोकळी झाले असते. म्हणून हे लिहिलं. येऊ नकोस असं म्हणत नाही. ये, पण तुझ्या पोरीसमोर आजीला ते पहिल्यांदा कळायला नको. ते मी सांगितलं पाहिजे, तुम्ही यायच्या आधी.

तुझीच,
वनमाला

उद्याचं काम, डायरीत लिहिलंय तेच: आजीला हाताला धरून बोर्डापाशी नेणं आणि त्यावर जेवढं आहे तेवढंच वाचून दाखवणं.