मल्लीचा रस गोड करण्याचा बेत

४ फेब्रुवारी
मी बोलते, फोन लिहून घेतो. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनही सुरक्षित.
मल्लीला डिसेंबरात गाभण राहण्याचं इंजेक्शन दिलं होतं. फुकट गेलं. तपासायला कशाला हवं? गाईचं तोंड बघून कळतं मला. मुलगा शंभूराव म्हणाला, अम्मा, युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, गाभण नाही तर मल्ली हुणसूरच्या व्यापाऱ्याकडे. अय्यो! लष्कर मोहल्ल्यात आमच्या गल्लीत आता गाय म्हणून ही एकच.

५ फेब्रुवारी, दुपार
नात चंदना ह्याच विषयात पीएचडी करते. म्हणाली, अज्जी, गाय असो की उंदीर, शुक्राणू नुसते स्वतःच्या जोरावर धावत नाहीत. साखर कधी जाळायची, दम कधी धरायचा, शेवटची धाव कधी मारायची, हे मादीच्या गर्भनळीतला रस ठरवतो.
एवढ्यासाठी पाच वर्षं? आमच्या ह्यांना किती पळवायचं ते मी लग्नाच्या आठवड्यातच शोधून काढलं होतं.

६ फेब्रुवारी
बेत पक्का. रस गोड हवा, तर मल्लीला रोज गूळ. चंदना म्हणाली, गूळ पोटात जातो अज्जी, नळीत नाही. सुम्ने इरु, म्हटलं, गप्प बस. पोरीला साधा सारु, म्हणजे भातावरचं रसम, जमत नाही, रसातलं काय कळणार?

१९ फेब्रुवारी
मल्ली अजून माजावर आली नाही. आली की लगेच दुसरं इंजेक्शन. मल्ली तुकतुकीत दिसते. रस तयार होतोय.

२ मार्च
माज नाही. गूळ दुप्पट. चंदना म्हणाली, अज्जी, माजच येत नाही म्हणजे कदाचित... मी मधेच थांबवलं. शिकलेली माणसं फार कदाचित म्हणतात.

११ मार्च
शंभूराव बाहेर जाऊन फोनवर बोलला. टेम्पो, असं ऐकलं.
मल्लीच्या गळ्यात पडून मी रडले नाही. डोळ्यात कोंडा गेला होता.

१७ मार्च
युगादी परवा. गुरांच्या डॉक्टर मधुमिताबाईंना मीच बोलावलं, माज आणायचं औषध द्या म्हणून. त्यांनी हात घालून तपासलं आणि हसायलाच लागल्या. तीन महिन्यांची गाभण! ते औषध दिलं असतं तर गर्भ पडला असता, म्हणाल्या. आणि गूळ आजपासून बंद, चरबी चढलीय.
शंभूरावने टेम्पो नको म्हणून कळवलं. चंदना म्हणाली, रसाने आपलं काम डिसेंबरातच उरकलं होतं, अज्जी.
मला कुणी सांगितलं नाही. मल्लीनेसुद्धा.