तुम्ही न घेतलेलं नाव

बाबा, तुम्हाला मार बसला ते दोन्ही प्रसंग मला अजून स्वच्छ दिसतात. त्या पावसाळ्यात तुम्ही आपल्या छोट्या दैनिकात छापलंत की हिवाळ्यापर्यंत युद्ध होणार, जहाजं तयार नाहीत असं नौदलाच्या वरिष्ठांनी दिल्लीला कळवलंय, आणि पेपरवाल्यांना गप्प राहायला सांगितलंय. बातमी देणारा नौदलातलाच कुणी मोठा अधिकारी होता, एवढंच आईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सियागंज बाजाराकडून माणसं आली, हातात सळया घेऊन. "गद्दार को बाहर निकालो," म्हणत त्यांनी छपाईचं यंत्र फोडलं आणि तुम्हाला छापखान्याच्या पायरीवर पाडून उजवा हात मोडेपर्यंत मारलं. आई मध्ये पडली. "अरे भिया, इनका खुद का लड़का नेवी में है." तुम्ही रक्त थुंकून म्हणालात, "त्याला यात आणू नकोस."

पण दादा त्यात आलाच होता. बापाला बातमी यानेच पुरवली, या संशयावरून जहाजावर त्याची चौकशी चालू होती. सुटी घेऊन आला तो सरळ स्वयंपाकघरात. तुमचा हात प्लास्टरमध्ये, आई तुम्हाला भरवतेय. "नाव सांगा बाबा. माझी नोकरी जाईल, जेल होईल." तुम्ही म्हणता, "मी शब्द दिलाय." "आणि मी कोण?" त्याने तुमची मानगूट धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं, परत आपटलं. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारतेय, त्याला ते कळतही नाहीये. तुमचं कपाळ फुटून रक्त वरणात पडलं, तरी तुम्ही तोंड उघडलं नाहीत. दादा न जेवता स्टेशनवर गेला.

चौकशीत काही निघालं नाही म्हणून त्याला जहाजावर परत घेतलं. युद्ध हिवाळ्यातच झालं. त्याचं जहाज बुडालं. सळया घेऊन आलेल्यांतलेच काही हार घेऊन आले, शहिदाच्या वडिलांना घालायला. तुम्ही दार लावून घेतलंत.

पुढे मीही पेपरातच नोकरी केली. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवलं, त्यासाठी कोर्टाची पायरीही चढले. सगळे म्हणतात, अगदी वडिलांवर गेली. तुम्ही गेलात तिथे हे पत्र पोचवणारी पेटी नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील, म्हणून लिहिते. त्या दिवशी ते नाव मला ठाऊक असतं, तर मी दादाला सांगून टाकलं असतं.