काशीगाव–राई शेवटची फेरी चालू राहावी म्हणून

काशीगावहून राईला जाणाऱ्या शेवटच्या बसफेरीची खरी किंमत: माझी मुलगी हेमांगी. वरची तूट आम्ही दुकानदार वर्गणीने भरतो.

मी, पुंडलिक हरी भोईर, वय एकाहत्तर, मिठागरावर वाढलेला, भाईंदर पूर्वेला प्लायवूडचे दुकान स्वतः उभे केलेला, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवतो. माझा मुलगा प्रणय म्हणेल, "बाबांचं डोकं फिरलंय." म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

एक. हेमांगी कारखान्यातून सुटून काशीगावला हायवेवर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होती. डंपरने तिला उडवले. तेव्हा तिथे बस नव्हती. तेरावे झाल्यावर मी दुकानोदुकानी फिरलो. भांडीवाले रमणीकशेठ म्हणाले, "पुंडलिकभाई, मेरा ग्राहक स्कूटर पे आता है. बस का पैसा मैं क्यों दूँ?" मी म्हटले, "और आपकी काउंटरवाली लड़की? वो उड़ के घर जाती है?" "देखते हैं," म्हणाले. व्यापाऱ्याचे 'देखते हैं' म्हणजे नाही, एवढे माझ्या कानांना कळते. बाकीच्यांनी पैसे दिले, सोसायट्यांनी सह्या दिल्या, फेरी सुरू झाली. तेव्हापासून ती एकदाही रिकामी गेलेली नाही. प्रत्येक सभेत मी हे छाती ठोकून सांगतो. त्यावरच वर्गणी टिकून आहे.

दोन. राहते घर प्रणयला, बिनशर्त.

तीन. दुकान विकू नये. भाड्याने द्यावे आणि भाडे या फेरीच्या तुटीत भरावे. प्रणय, तू विचारलेस, "ताई परत येणार आहे का त्या बसने?" नाही येणार, बाळा. तरी बस तिथे थांबली पाहिजे.

चार. माझी मोठी छत्री रमणीकशेठना. एका संध्याकाळी ती घेऊन त्यांनी काशीगावच्या थांब्यावर उभे राहावे. राग नाही. उभे राहावे, एवढेच.

पाच. हेमांगीचा चेपलेला डबा प्रणयने सांभाळावा. ठोकून सरळ करून घेऊ नये.

ठिकाण: राई. ९ फेब्रुवारी २०२६.
सही: पुंडलिक हरी भोईर
साक्षीदार: धम्मदीप कोंडिराम जाधव (याच फेरीचा कंडक्टर), स्वप्नाली नरेश पाटील (शेजारीण)

कलम एकला जोड, तिघांच्या सह्यांनिशी: वाचून झाल्यावर धम्मदीप म्हणाला, "काका, मरणाच्या कागदावर तरी खरं लिहा ना." लिहितो. बहुतेक संध्याकाळी त्या बसमध्ये तिकीट काढून मी एकटाच बसलेला असतो.