सासूबाईंचं जीरावण

फ्रीगंज, उज्जैन
१२ डिसेंबर १९९६

ती. आईस,
तुझ्या प्रतिभाचा नमस्कार. आम्ही ठीक आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

देवश्रीला ऑटिझम आहे, हे कळवलंच होतं. ती खुशीत आली की हात फडफडवते. दिवाळीत पाहुण्यांसमोर सासूबाईंनी तिचे हात भैरवगढी छापाच्या ओढणीने बांधले. मनगटांवर वळ उठले. ती ओढणी मी जपून ठेवली आहे.

तिला शिकवणाऱ्या इंदूरच्या बाई म्हणतात, "हात रोकू नका. चांगलं केलं की लगेच इनाम द्या, बाकीकडे ध्यानच देऊ नका." आता देवश्री पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट दाखवते. बोलेल कधी, ते कोणी सांगत नाही.

तोच इलाज मी सासूबाईंवर सुरू केला. पोरीला टोमणा मारला की त्यांना नुसते पोहे. तिच्याबद्दल गोड बोलल्या की वर शेव आणि भरपूर जीरावण मसाला. काल शेजारणीला म्हणाल्या, "आमची देवश्री हातांनी ताल धरते," आणि बशी माझ्यापुढे केली.

सवय पक्की झाली की इनाम हळूहळू कमी करायचं असतं. देवश्रीचं तसंच करीन. सासूबाईंचं मात्र एका सकाळी एकदम बंद होईल. त्या दिवशी बशीखाली तीच ओढणी अंथरीन.

काळजी करू नकोस.

तुझी गरीब गाय,
प्रतिभा