बांधापलीकडची जाऊ

१२ नोव्हें., बुध.
शिरूर अनंतपाळपासून आत, गयाबाईंचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. वय सत्तरीच्या पुढं, एकट्याच. मुलगा पुण्यात. शुगर ४१०. अंगठ्याला जखम. इन्सुलिनची बाटली गारव्याला मडक्यात ठेवलेली, भरलेलीच.
"घेतलं नाही का मावशी?"
"सुईवरच्या रेघाच दिसंनात बाई. अंदाजानं भरत होते. एकदा चक्कर येऊन चुलीपाशी पडले. तवापासून बंद."
नर्स मी एकटी, माझ्याकडं सहा गावं. रोज येणं शक्य नाही. मुलाला फोन केला. "बघतो" म्हणाला.

१३ नोव्हें.
बांधापलीकडं रुक्मिणबाई, गयाबाईंची धाकटी जाऊ. लकवा, उजवा हात गेला. मुलगा-सून दिवसभर कामावर, ह्या बाजेवर. चौथी शिकलेल्या. नजर मात्र पक्की.
"काल तिच्याकडं लई वेळ होता तुमी. पाय बरा हाय का तिचा?" आणि लगेच, "मला काय करायचंय म्हणा."
अठरा वर्षं बोलणं नाही. बांध कोरण्यावरून नवरे भांडले होते. दोघेही गेले. अबोला राहिला.

१७ नोव्हें., सोम.
डॉक्टरांना विचारलं, गयाबाईंच्या सुईची रेघ रुक्मिणबाईंनी बघितली तर? म्हणाले, चालेल, पण ताट समोर असल्याशिवाय सुई नाही.
गयाबाई : "तिच्या भरवशावर? न्हाई."
रुक्मिणबाई : "मला एकच हात हाय."
"हात त्यांचे आहेत. तुम्ही फक्त रेघ बघायची."
रुक्मिणबाईंनी तोंड फिरवून घेतलं.

१८ नोव्हें.
रुक्मिणबाई आल्या! काठी टेकत, पाय ओढत, बांध ओलांडून. मी धरायला गेले तर हात झटकला.
गयाबाईंनी सिरिंज भरायला घेतली. मग रुक्मिणबाई एकदम, "थांब. लई झालं. एक रेघ मागं घे."
अठरा वर्षांनी पहिलं वाक्य. गयाबाईंनी घेतली मागं. मी उगीच बाहेर जाऊन चपला झटकत बसले.

२ डिसें., मंगळ.
शुगर १९०. पण आज पट्टी सोडली तर अंगठा काळा पडलेला.
शुक्रवारी गेले होते तेव्हा पट्टी सोडलीच नाही. शुगर उतरली म्हणून खूश, पुढच्या गावाची घाई. रजिस्टरला 'जखम ठीक' लिहिलंय. माझ्याच अक्षरात.
लगेच उदगीरला नेलं. मुलाला कळवलं, निघाला.

४ डिसें.
अंगठा काढला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल बहुतेक. बहुतेक.
मुलाला शुक्रवारचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन नुसता बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

८ डिसें., सोम.
रुक्मिणबाईंना दवाखान्यात गयाबाईंशी फोन लावून दिला. इकडून, "जेवलीस का?"
तिकडून, "हाव."
तेवढंच. फोन परत देताना पदरानं पुसून दिला.

१९ डिसें., येळवस (वेळ अमावस्या)
गयाबाई घरी आल्यात. सगळं गाव शेतात जेवायला. मलाही आंबील, भज्जी. दोघी जावा एका पंगतीत.
जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, आईला कायमचं पुण्याला नेतो. दवाखाना जवळ, पट्टीला रोज माणूस येईल. खोटं काहीच नाही त्यात. पण दिवसभर घरात दुसरं कोणी नसतं, हेही त्यानंच सांगितलं.
रुक्मिणबाई म्हणाल्या, "ने बाबा. पाय महत्त्वाचा." आणि उठून चालू लागल्या. काठी तिथंच राहिली.
मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सांगाल तसं करतो."
मीच? त्या शुक्रवारनंतरही?

२२ डिसें., सोम.
त्याचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही.
आज पट्टी नीट सोडून बघितली. जखम लाल आहे, भरेलसं वाटतं. खात्री नाही.
गयाबाईंनी विचारलं, "पुण्यात शेजारी कोण राहतंय, ठाव हाय का तुमाला?"
नाही म्हटलं.
"मला बी न्हाई. दोनदा जाऊन आले की मी."
मुलगा उद्या गाडी घेऊन येतोय, हेही त्याच म्हणाल्या. माझं उत्तर अजून बाकी.