दाढदुखीचं खरं

छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. तू आणि मेघावहिनी बरे असाल. लासूरला कांद्याची आवक वाढलीय म्हणतात, म्हणजे तुला आडतीवर उसंत नसणार. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून हे लिहितेय.

परवा माझ्या दोन दाढा काढल्या.

मी झोपेत दात खाते, त्या आवाजानं गोकुळची झोपमोड होते, म्हणून तू आणि तो मला क्रांती चौकात दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला होतात. "काही ताण आहे का?" त्यांनी मला विचारलं. उत्तर तू दिलंस, "तिला कसला ताण? नवरा लई चांगलाय." मग त्यांनी रात्री दातांवर चढवायचं नाइटगार्ड करून दिलं. रोज घासून धुवा, अधूनमधून दाखवायला या, म्हणाल्या. आवाज थांबला, तसं गोकुळच्या लेखी दुखणंच संपलं. पुन्हा दाखवायला त्यानं नेलं नाही, एकटीला जाऊही दिलं नाही.

मी ते दिवसाही घालू लागले. ते तोंडात असलं की शब्द नीट फुटत नाहीत. उलट बोलली म्हणून मारायला त्याला निमित्त उरत नव्हतं. जेवण घाईनं उरकायचं, चूळही न भरता ते परत चढवायचं. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, तोंडाला वास मारायला लागला.

शेवटी कंपनीतल्या शाइस्तानं हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानं दात झिजायचे वाचले, पण खाली घाण साचून दाढा किडल्या. दिवसभर का घालत होता?"

या वेळी शेजारी तू नव्हतास. मी सगळं सांगितलं.

दिवाळीत गोकुळच्या मारानं सुजलेला गाल घेऊन मी लासूरला आले, तेव्हा शेजारच्या सखारामकाकांना तू म्हणालास, "दाढ दुखतेय तिची." वहिनी म्हणाली, आज राहू द्या तिला. तू माझं परतीचं तिकीट काढूनच आला होतास.

आता मी चिकलठाण्यात शाइस्ताच्या घरी राहते. तिची अम्मी मऊ खिचडी करून घालते, काही विचारत नाही. गोकुळवर पोलिसात तक्रार दिलीय. मार लागलेला कुणी पाहिला, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. वहिनीचंही सांगता आलं असतं, पण तिला तुझ्याच घरात राहायचंय.

तुला बोलावणं येईल. काय सांगायचं ते तू ठरव. मी समोरच बसलेली असेन.

अजून तरी तुझी बहीण,
मंजुषा